कोरी चौकट

दिवाळी अंक हाती आला की घरातली माणसे तो वेगवेगळ्या टोकांनी उघडतात. कुणी आधी कथा वाचते, कुणी वार्षिक भविष्य. आणि एखादे तरी माणूस पेन्सिल घेऊन थेट शब्दकोड्याच्या पानावर जाऊन बसते. आमच्या नातेपुत्याच्या घरात ते माणूस म्हणजे माझे चुलते, आबा. ऐंशीच्या उंबरठ्यावर आज मी शब्दकोड्याचा इतिहास सांगायला बसलो आहे खरा. पण आबांना वगळून तो मला सांगता येणार नाही.

या खेळाची जन्मतिथी पक्की ठाऊक आहे. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत ऑर्थर विन या पत्रकाराने शंकरपाळ्याच्या आकाराचे एक कोडे छापले. वरच्या ओळीत एक शब्द त्याने आधीच भरून दिला होता : 'फन', म्हणजे गंमत. चाळीस वर्षांत ही गंमत आमच्या गावच्या पोस्टापर्यंत येऊन पोचली. मात्र वाटेत तिच्या गळ्यात कुणीतरी बक्षिसाची थैली अडकवली होती.

ते साल १९५४. आबा एका दुकानात दिवाणजी होते. इंग्रजी जेमतेम शिकलेले. पण उशाशी एक जाडजूड इंग्रजी कोश असे. रात्री कंदील जवळ ओढून ते कूपन पसरत आणि मला समोर बसवत. एकदा त्यांनी पाटीवर इंग्रजी 'बी' काढला, पुढे एक चौकट कोरी ठेवली आणि मग दोन 'एल' लिहिले. म्हणाले, "बाळ, यात कोण बसेल ते सांग."

'ए' घातला तर बॉल, चेंडू. 'ई' घातला तर बेल, घंटा. 'आय'ने बिल होते आणि 'यू'ने बुल, म्हणजे बैल. सूचनेचा भावार्थ होता, "हे अचानक समोर आले की माणूस दचकतो." वाचकहो, आता तुम्हीच सांगा : बैल की बिल? आबांचे मत बिलाकडे झुकत असे, कारण बैलाला ते कधी घाबरले नव्हते!

मला तेव्हा हा विद्येचा खेळ वाटे. त्यातली मेख पुढे कळली. कोशात चारही शब्द होते, सूचनेत निदान दोन तरी बसत होते. पण 'बरोबर' तेच, जे स्पर्धा चालवणाऱ्याने मोहोरबंद लिफाफ्यात आधीच लिहून ठेवलेले असे. समजा, दोन-दोन पर्यायांच्या अशा दहा जागा आहेत. सगळ्या शक्यता भरायच्या तर १,०२४ प्रवेशपत्रे लागतात. एकेकाला चार आणे धरले तरी २५६ रुपये! एवढे पैसे दिवाणजीपाशी कुठले? मग तो पाच-दहा पत्रे पाठवतो आणि बाकीचे नशिबावर सोडतो.

नातेपुते ज्ञानोबामाउलींच्या पालखीच्या वाटेवरचे मुक्कामाचे गाव. आषाढात गावाचे अंगण होते. आमच्या घरी वारकऱ्यांची एक पंगत बसे आणि काकी वर्षभर डब्यात त्यासाठी पैसे साठवत. त्या वर्षी डबा उघडला, तो रिकामा. आबांनी मान खाली घातली. सगळ्या पैशांच्या पोस्टल ऑर्डरी झाल्या होत्या. काकी एक शब्द बोलल्या नाहीत. हातातली पाटली काढून त्यांनी आबांपुढे ठेवली आणि म्हणाल्या, "एवढी गहाण ठेवून या. माउलीचे माणूस दारातून उपाशी जायचे नाही." पंगत झाली. आबा वाढायला उभे होते. जेवले मात्र नाहीत.

अशी घरे पुष्कळ असावीत, कारण हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुंबई राज्याने १९४८ साली लॉटऱ्या व बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला होता. बाहेरच्या राज्यांत छापलेली पत्रे त्यातून सुटत, म्हणून १९५२ साली त्यांनाही त्यात ओढले. बंगळूरच्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकातून शब्दकोडी चालवणारे आर. एम. डी. चमारबागवाला (आबांची स्पर्धा ही नव्हे, दुसरीच) याविरुद्ध मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. राज्याने अपील केले. ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी निकाल दिला : मोहोरबंद उत्तराशी जुळण्यावर यश अवलंबून असणारी स्पर्धा हा जुगार आहे, आणि जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाही.

मधल्या काळात, १९५५ साली संसदेनेही कायदा केला होता. तो १ एप्रिल १९५६ पासून लागू झाला. बक्षिसे महिन्याला हजार रुपयांच्या आत, प्रवेशपत्रे दोन हजारांच्या आत आणि वर परवाना! मोठ्या थैल्यांचा धंदा तिथेच बसला. त्या कायद्याविरुद्धच्या खटल्याचा निकालही त्याच दिवशी लागला. त्यातली मला मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते तिला हे निर्बंध लागू नाहीत, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे अक्षरे जुळवणाऱ्याचा दोष काढलेला नव्हता. दोष लिफाफ्याचा होता.

आबांना हा निकाल कुणी सांगायची गरज उरली नव्हती. पाटली सोडवून आणायला त्यांना दोन वर्षे लागली. त्या पंगतीनंतर मात्र त्यांनी एकही कूपन भरले नाही. कोश तेवढा राहिला. रोज संध्याकाळी ते मला पाच-सहा इंग्रजी अक्षरे देत आणि त्यांतून होतील तेवढे शब्द काढायला लावत. बक्षीस म्हणून मूठभर शेंगदाणे. शब्द कोशात सापडला की बरोबर. नाही सापडला की चूक. मध्ये लिफाफा नाही. माझे सगळे इंग्रजी त्या शेंगदाण्यांवर वाढले.

आबा गेल्यावर तो कोश माझ्याकडे आला. एकदा सहज पाने चाळताना ती जुनी चौकट आठवली. आम्ही तिच्यात चारच स्वर घातले होते; 'ओ' राहूनच गेला होता. पाहतो तो, तोही शब्द कोशात होता : 'बोल', म्हणजे कापसाचे बोंड. गावात बैलगाड्यांतून कापूस जाताना आबांनी जन्मभर पाहिला होता, आणि नेमका तोच शब्द आम्हांला सुचला नव्हता.

मी पेन्सिल घेतली आणि समासात तो शब्द लिहून ठेवला. आबा असते तर मूठभर शेंगदाणे नक्की मिळाले असते.