संप्रेरक नियंत्रण आणि मेंदूतील चेतापारेषकांचे मापन

मेंदूतील चेतापारेषकांचे मापन ही पोष ग्रंथीतून होणाऱ्या संप्रेरकांच्या स्रवणाचे नियंत्रण समजून घेण्यासाठी चेता-अंतःस्रावशास्त्रात वापरली जाणारी संशोधनपद्धती आहे.

पार्श्वभूमी

अधोथॅलॅमस आणि पोष ग्रंथीचा पुढचा भाग सूक्ष्म द्वारवाहिन्यांनी जोडलेले असतात. अधोथॅलॅमसमधील रसायने या वाहिन्यांतून ग्रंथीपर्यंत पोहोचतात, ही कल्पना जेफ्री हॅरिस यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास प्रायोगिक आधारावर मांडली. या रसायनांपैकी काहींच्या शोधासाठी रॉजर गिलमॅ व अँड्र्यू शॅली यांना, तर संप्रेरके मोजणाऱ्या किरणोत्सारी प्रतिरक्षामापन पद्धतीसाठी रोझलिन यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मापनाच्या पद्धती

ऊतीतील डोपामाइन, नॉरएपिनेफ्रिन व सेरोटोनिन सामान्यतः उच्च कार्यक्षमता द्रव वर्णलेखनाने मोजतात. मात्र ऊतीतील साठा म्हणजे स्रवण नव्हे. साठा स्थिर असतानाही निर्मिती आणि वापर दोन्ही वाढलेले असू शकतात. म्हणून चयापचयातून तयार होणारी द्रव्येही मोजतात, किंवा निर्मिती औषधाने रोखून साठा किती वेगाने घटतो ते पाहतात. सूक्ष्म अपोहनात मेंदूत बारीक नलिका बसवून जिवंत प्राण्याच्या पेशीबाह्य द्रवातील बदल टिपले जातात.

प्रोलॅक्टिनचे उदाहरण

पोष ग्रंथीची इतर बहुतेक संप्रेरके अधोथॅलॅमसच्या उत्तेजनाने स्रवतात. प्रोलॅक्टिनवर मात्र मुख्यतः अंकुश असतो. १९७७ मध्ये नीरा बेन-जोनाथन व सहकाऱ्यांनी उंदरांच्या द्वारवाहिन्यांतील रक्तात डोपामाइनचे प्रमाण धमनीतील रक्तापेक्षा अधिक असल्याचे दाखवले. हा अंकुश डोपामाइनचा असल्याच्या मताला त्यामुळे बळ मिळाले.

मुंबईतील परळ येथील राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेत डोपामाइनची क्रिया रोखणारे फ्लुफेनाझिन नर उंदरांना देऊन वाढलेल्या प्रोलॅक्टिनचे प्रजननावरील परिणाम अभ्यासले गेले.

वैद्यकीय महत्त्व आणि मर्यादा

मनोविकारांवरील काही औषधे डोपामाइन ग्राही अडवतात. त्यामुळे प्रोलॅक्टिन वाढून पाळी अनियमित होणे, स्तनांतून दूध येणे किंवा वंध्यत्व उद्भवू शकते. उलट, ब्रोमोक्रिप्टिन डोपामाइनसारखे कार्य करून प्रोलॅक्टिन घटवते.

रुग्णाच्या हातातून घेतलेल्या रक्तातील डोपामाइनवरून अधोथॅलॅमसमधील स्थिती कळत नाही. म्हणून निदानासाठी प्रोलॅक्टिनच मोजतात. प्रयोगातही चेतापारेषक व संप्रेरक एकाच वेळी बदलले, एवढ्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही; त्यासाठी ग्राही रोखून किंवा उत्तेजित करून पडताळणी आवश्यक असते.