खिशातलं रिव्हॉल्व्हर: सहाच्या पाच गोळ्या का झाल्या?

जुन्या हॉलिवूडपटात डिटेक्टिव्ह कोटाखालून छोटं रिव्हॉल्व्हर काढतो, आठवतंय? मला नेहमी प्रश्न पडायचा, ते कपड्यात अडकत कसं नाही?

अडकायचं तर! मागचा घोडा, म्हणजे हॅमर, खिशाच्या अस्तरात गुंतायचा. म्हणून १८८७ मध्ये अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसननं हॅमर पूर्ण आत झाकलेलं रिव्हॉल्व्हर आणलं. १९२७ मध्ये कोल्टचं ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ आलं: दोन इंची नळी, सहा गोळ्या. मग १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनचं ‘चीफ्स स्पेशल’ आलं, त्यात पाचच गोळ्या. का? रिव्हॉल्व्हरचा सगळ्यात जाड भाग म्हणजे फिरणारा सिलिंडर. एक गोळी कमी केली की तो बारीक होतो, कपड्याखाली फुगवटा दिसत नाही. पण फुकट काहीच नाही. वजन घटलं की धक्का वाढतो, नळी आखूड झाली की नेम अवघड होतो.

कोल्टचे फिट्झगेराल्ड तर आणखी पुढे गेले. बोट पटकन जावं म्हणून ते चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भागच कापून टाकायचे! स्वतःच्या खिशांना त्यांनी आतून चामडं लावलं होतं. उघडा चाप आणि खिसा... मला तर विचारानंच धडकी भरते.

होल्स्टर लपवण्यासाठी असतं, असं मला वाटायचं. पण त्याचं पहिलं काम वेगळंच: चाप झाकणं. शस्त्र कितीही छोटं करा, चूक छोटी होत नाही.