तगाई, माफी आणि खातें

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांतील धामणगांव बढे हें गांव कोरडवाहू वऱ्हाडापैकींच एक. पाऊस वेळेवर आला तर कपाशी, न आला तर कर्ज, असा या भागांतील वर्षाचा हिशेब. अशा गांवांत सरकारी पैसा कोणत्या वाटेनें येत गेला, तें पाहण्यासारखें आहे.

इ. स. 1853 च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं गेला. पुढें येथें मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली आणि प्रत्येक खातेदाराचा संबंध थेट सरकाराशीं जडला. जमीन ज्याच्या नांवावर, सारा त्याच्यावर. आणि मदत द्यावयाची तर तीहि त्यालाच, असा दंडक तेव्हांपासून पडला.

1876-78 च्या दुष्काळानंतर 1880 सालीं दुष्काळ आयोगाचा अहवाल आला व त्यामागोमाग दोन कायदे झाले. 1883 चा कायदा विहिरी व बांधबंदिस्तीसाठीं, 1884 चा बीबियाणें व बैलांसाठीं. लोकांनीं दोहोंनाहि तगाई हेंच जुनें नांव दिलें. तें अरबी 'तकावी'वरून आलें; मूळ अर्थ बळ देणें. परंतु हप्ता चुकला कीं हेंच बळ देणारें सरकार साऱ्याच्या थकबाकीप्रमाणें वसुली करूं शके. शिवाय अर्ज, चौकशी, जामीन यांत पेरणीचे दिवस निघून जात. सावकार जबर व्याज घेई खरा, पण अडल्या वेळीं दार उघडी. कुणबी त्याच्याकडेच वळला, यांत त्याचा अडाणीपणा शोधणें अन्यायाचें होईल. 1899-1900 च्या दुष्काळानें वऱ्हाड होरपळून निघाला. त्यानंतरच्या मॅक्डोनेल आयोगानें सहकारी पतपेढ्यांचा पुरस्कार केला आणि 1904 सालीं सहकाराचा पहिला कायदा झाला.

स्वराज्यानंतर कर्ज सोसायटी व बँक देऊं लागली. पण कोरडवाहूचें दुखणें हटलें नाहीं. 2006 च्या जुलैंत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीं विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं 3,750 कोटींची योजना जाहीर केली. त्यांत बुलढाणा होता. थकलेल्या कर्जावरील व्याज माफ झालें, जोडधंद्यासाठीं दुभतीं जनावरेंहि देण्यांत आलीं. जेथें वैरणीची वानवा, तेथें दुभती गाय बांधणें म्हणजे घरांत आणखी एक खाणारें तोंड! 2008 च्या कर्जमाफींत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यास पूर्ण माफी मिळाली. त्यावरच्यांस उरलेलें कर्ज भरल्यास पंचवीस टक्के सूट. पाटाच्या पाण्याखालचे पांच एकर आणि पावसाच्या भरंवशावरचे पांच एकर एकाच काठीनें मोजले गेले. वऱ्हाडांत जमीन अधिक, पीक थोडें. म्हणून येथें ती काठी फार बोचली.

2019 पासून केंद्र सरकार वर्षाला 6,000 रुपये तीन हप्त्यांनीं थेट बँकेंत जमा करूं लागलें. 2023 सालीं महाराष्ट्र सरकारनें आपल्याकडून तितक्याच रकमेची भर घातली. हें कर्ज नाहीं, वसुली नाहीं, मधला हातहि नाहीं; तगाईच्या मानानें मोठाच पालट. गंमत अशी कीं पूर्वीं खातें म्हणजे जमिनीचें, आतां खातें म्हणजे बँकेचें; पण दुसऱ्यांत पैसा पडावयाचा तर पहिलें आधीं हवें. बटईनें किंवा ठोक्यानें शेत करणारा या यादींत येत नाहीं. धनी वारल्यावर विधवा त्याच शेतांत निंदण-खुरपण करीत राहते, कपाशी वेंचते. परंतु वारसाचा फेरफार होऊन सातबाऱ्यावर तिचें नांव चढेपर्यंत सरकारच्या लेखीं ती शेतकरी होत नाहीं.