बीयरच्या भांड्यांची धातुजोडणी

बीयरच्या भांड्यांची धातुजोडणी : बीयर बनवण्याच्या 20 ते 50 लिटरच्या लहान संचात उकळपातेले, गाळणभांडे, गार करायची नळी आणि आंबवणीचे पिंप यांना जोडणारे कॉक, निपल, एल्बो, सॉकेट, चेकनट, वायसर व क्लॅम्प यांची निवड आणि बसवणी. पातेले कोणत्या धातूचे घ्यावे हे सगळेच विचारतात. पण चव बिघडते, गळती लागते आणि जंतू दडतात ते बहुतेक वेळा जोडांपाशी. म्हणून या किरकोळ दिसणाऱ्या सामानाला स्वतंत्र नोंद हवी.

महाराष्ट्रात सामान घेण्याआधी कायदा पाहावा लागतो. 1949 च्या दारूबंदी अधिनियमाच्या 65 व्या कलमाखाली परवान्यावाचून मद्य बनवणे हा गुन्हा आहेच, शिवाय त्या हेतूने साहित्य, भांडी किंवा उपकरणे बाळगणे हाही गुन्हा आहे. ‘घरच्यापुरतीच करतो, विकत नाही’ ही सबब चालत नाही. ब्रिटनमध्ये 1963 पासून घरगुती बीयरला परवाना लागत नाही आणि अमेरिकेत 1978 च्या केंद्रीय कायद्याने तिला वाट मोकळी झाली, त्यामुळे तिकडच्या मराठी घरांतून हा छंद उघडपणे करता येतो. इथे हीच माहिती परवानाधारक मायक्रोब्रुअरीचे चाचणी-संच, प्रयोगशाळा आणि मॉल्टची बिनमद्यार्काची पेये बनवणारे यांच्या उपयोगाची आहे.

पुणे हे या माहितीचे स्वाभाविक ठिकाण. 2009 मध्ये इथे ‘दुलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. सामान घडवून घ्यायची सोयही जवळच आहे. नगर रस्त्यावरचे वाघोली 2021 मध्ये पुणे महापालिकेत आले. तिथून पुढे लोणीकंद, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव असा कारखान्यांचा पट्टा लागतो. त्यामुळे आर्गन वेल्डिंग करणारा, लेथवर आटे पाडणारा आणि स्टीलचा पाइप कापून देणारा यांच्यासाठी वाघोलीकराला शहरात जावे लागत नाही. नदीपलीकडे मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाईन, ब्रूइंग आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

कळकणे. धातू निवडायचे मूळ तत्त्व मराठी स्वयंपाकघराला जुनेच ठाऊक आहे. बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले की ते कळकते : हिरवट होते, तोंडात धातूची चव येते, प्रसंगी मळमळते. बीयरचे गणित तेच. मॉल्टच्या गोड अर्काचा, म्हणजे वर्टचा, पीएच 5.2 ते 5.6 असतो. यीस्टने साखर खाल्ल्यावर तो 4 ते 4.5 पर्यंत उतरतो, म्हणजे जवळपास ताकाइतका. वर्ट एखादा तास उकळतो आणि पुढे जातो, बीयर मात्र पिंपात आठवडेच्या आठवडे बसून राहते. म्हणून जो धातू उकळीच्या बाजूला चालतो तो आंबवणीच्या बाजूला चालेलच असे नाही. हा एक भेद ध्यानात ठेवला की निम्मी खरेदी सोपी होते.

तांबे उष्णता स्टीलच्या सुमारे पंचवीसपट वेगाने वाहून नेते, त्यामुळे वर्ट गार करायच्या वेटोळ्या नळीला त्याच्या तोडीचे काही नाही. अर्कात उतरलेले किंचित तांबे यीस्टला पोषकही ठरते. मात्र आंबलेल्या बीयरमध्ये तेच तांबे ऑक्सिडीकरणाला जोर देते आणि बीयर लवकर शिळी लागू लागते. नळीवर हिरवा कळंक दिसला तर तो काढल्याशिवाय ती वापरू नये. जोड डागायचा असेल तर डाग शिशाविरहित असावा. पुण्यात तांब्याचे काम जाणणारी वस्ती म्हणजे कसब्यातली तांबट आळी.

पितळ स्वस्त, सहज मिळणारे आणि म्हणूनच गोंधळात टाकणारे. लेथवर नीट कापले जावे म्हणून नळसामानाच्या पितळात बहुधा 2 ते 3 टक्के शिसे मिसळलेले असते. कापताना हे शिसे पृष्ठभागावर लिंपले जाते. उकळपातेल्याच्या कॉकसाठी असे पितळ घ्यायचेच असेल तर आधी ते शिसे उतरवावे. दोन भाग पांढरे व्हिनेगर आणि एक भाग 3 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र करून त्यात सुटे भाग पाच ते दहा मिनिटे बुडवतात. आपल्याकडे औषधाच्या दुकानातली बाटली अनेकदा 6 टक्क्यांची असते. लेबल वाचून तेवढेच पाणी घालावे. भागांवर बारीक बुडबुडे चढतात आणि करडी छटा जाऊन पितळ लोण्यासारखे पिवळे दिसू लागते. त्याच क्षणी बाहेर काढून धुवावे. द्रावण हिरवे पडले तर वेळ जास्त झाला, आता तांबे विरघळते आहे असे समजावे. हा उपाय फक्त वरच्या थराचा आहे. त्या भागावर पुन्हा आटे पाडले तर तो पुन्हा करावा लागतो. पिंपाच्या बाजूला पितळ लावूच नये.

जर्मल, म्हणजे ॲल्युमिनियमचे पातेले, उगाच बदनाम आहे. नव्या पातेल्यात आधी नुसते पाणी उकळून आतून करडा थर धरू दिला की वर्टसाठी ते चालते. कॉस्टिक सोड्याने मात्र धुवू नये. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे, निपल स्वस्त मिळतात म्हणून कुणी बसवू नयेत. त्यावरचे जस्त आंबट द्रवात सुटते आणि मागोमाग लोखंड गंजते.

स्टेनलेस स्टील सर्वांत बिनघोर, पण बाजारात ‘एसएस’ या दोन अक्षरांखाली बरेच काही खपते. हवे ते 304 : 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. 202 मध्ये महाग निकेलची जागा बरीचशी मँगनीजने भरलेली असते. ते लवकर डागते. लोहचुंबक लावून पाहणे हा दुकानातला आवडता पुरावा इथे कामाचा नाही, कारण दोन्ही चुंबकाला जवळपास सारखीच दाद देत नाहीत. स्टीलवाल्यांकडे मँगनीज ओळखणारे द्रावण आणि लहान बॅटरी असते. थेंब लाल झाला तर माल 200 मालिकेतला. शंका असेल तर ही चाचणी समोर करून मागावी, संकोच करू नये. 316 मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते क्लोराइडला जास्त टिकते. लहान संचाला त्याची गरज सहसा पडत नाही.

आटे. परदेशातून किंवा ऑनलाइन मागवलेले ब्रूइंगचे सामान बहुधा एनपीटी आट्यांचे असते, भारतातले नळसामान बीएसपीचे. अर्धा इंची आणि पाऊण इंची मापात दोन्हींचे आटे इंचाला 14 च असतात. त्यामुळे एकात दुसरे फिरते, दोन-तीन वेढे छान बसते आणि मग अडते. आट्याचा कोन वेगळा आहे, बीएसपीचा 55 अंश आणि एनपीटीचा 60. टेफ्लॉन टेपचे थर चढवून हा जोड थंड पाण्याला बंद झालासा वाटतो, उकळी लागली की पाझरतो. पाव इंची आणि एक इंची मापात तर आट्यांची संख्याही जुळत नाही. सगळा संच एकाच जातीचा ठेवावा. मिसळ टळतच नसेल तर लेथवाल्याकडून एका टोकाला बीएसपी आणि दुसऱ्या टोकाला एनपीटी असा निपल करून घ्यावा.

आंबवणीच्या बाजूला खरे तर आटेच नकोत. आट्यांच्या खाचांत गोड थेंब अडकतो, तिथे जंतू वाढतात आणि उकळी नसल्याने ते मरत नाहीत. दूधधंद्यात वापरतात ते ट्राय-क्लॅम्प इथे उत्तम. दोन गुळगुळीत चकत्या, मध्ये सिलिकॉनचे गॅस्केट, बाहेरून कडी. हाताने सुटते, आतून डोळ्याला दिसते. वेल्डिंग करायचे तर आर्गनचे, आणि वेल्डिंग चालू असताना पाइपच्या आतूनही आर्गन सोडलेला असावा. तो नसला तर आतल्या बाजूला जळक्या साखरेसारखी काळी, खडबडीत कड उठते. तिथे मळ बसतो आणि गंजही तिथूनच लागतो. काम ताब्यात घेताना बोट आत घालून ही कड चाचपावी.

बॉल व्हॉल्व्ह तीन तुकड्यांचाच घ्यावा. त्याच्या गोळ्यामागच्या पोकळीत प्रत्येक वेळी चमचाभर वर्ट राहतो. दोन तुकड्यांचा व्हॉल्व्ह सहजी उघडता येत नाही. तीन तुकड्यांचा चार बोल्ट काढून मोकळा करता येतो.

वाघोलीत बरेचसे पाणी टँकरचे आणि बोअरचे. जड पाण्याचा पांढरा थर वायसरखाली साचतो आणि बंद जोड हळूहळू ढिला करतो. सायट्रिक आम्लाच्या कोमट पाण्याने तो निघतो आणि त्याच धुण्याने स्टीलवरचा रक्षक थरही पुन्हा धरतो. ब्लीच मात्र टाळावे : क्लोरीनने स्टीलला टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात. नवी जोडणी झाली की पातेले आधी थंड आणि मग उकळत्या पाण्याने भरावे, प्रत्येक जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा तुकडा ठेवावा आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी ज्या तुकड्यावर ओला ठिपका दिसेल तो जोड उघडून वायसर बदलावा.