नानांची डबी आणि चिनी कुपी

परवा चित्र रंगवताना नातीने विचारले, "आजोबा, तपकिरी म्हणजे नेमका कुठला रंग?" म्हटले, तपकिरीचा! तर म्हणाली, "तपकीर म्हणजे काय?" आता आली का पंचाईत! रंग उरला, वस्तू गेली.

आमचे नाना (वडील) तपकीर ओढत. चपटी पितळी डबी, घट्ट झाकणाची. उघडण्याआधी बोटाने दोनदा टिचकी, मग चिमूट, मग शिंक. रुमाल कायम त्याच रंगाचा. आई वैतागायची.

पुढे एकदा हैदराबादला सालारजंग संग्रहालय पाहिले. आपली परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे हैदराबाद आम्हाला कधी परके वाटले नाही. तिथे चिनी दालनात बोटभर उंचीच्या सुबक कुप्या. मला वाटले, अत्तराच्या असतील. पण त्या निघाल्या तपकिरीच्या! नानांची डबी डोळ्यांपुढे आली.

डबी सोडून कुपी कशासाठी? कारण हवा. युरोपातून तपकीर चीनमध्ये गेली ती डब्यांतूनच, पण तिथल्या दमट हवेत डबीतली पूड गोळा व्हायची. म्हणून अरुंद तोंडाची कुपी, तिला घट्ट बूच आणि बुचाला आतून इवलासा चमचा. १६४४ मध्ये आलेल्या चिंग राजवटीच्या सुरुवातीला धूम्रपानाला बंदी होती, पण तपकीर औषध म्हणून चालायची, सर्दी-डोकेदुखीवर. (नानाही हेच कारण सांगत!) आधी दरबारापुरते असलेले हे वेड हळूहळू सर्वत्र पसरले. पाहुण्याला तपकीर पुढे करायची, जसे आपल्याकडे पानसुपारीचे तबक. जिंगदेझेनच्या भट्ट्यांतून चिनी मातीच्या कुप्या निघू लागल्या. त्यांवर ड्रॅगन, मासे, फुले, नाटकातले प्रसंग. पुढे तर काचेच्या कुपीत वाकडी लेखणी घालून आतल्या बाजूने उलटे चित्र काढणारे कारागीर निघाले. माझा फळ्यावरचा नकाशा सुलट यायची मारामार!

तंबाखू मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांनी ती आपल्या किनाऱ्यावर आणली. १६०४ च्या सुमारास असद बेगाने अकबरासाठी ती नेली विजापूरहून, म्हणजे आपल्या दख्खनेतूनच. हकिमांनी नको म्हटले तरी बादशहाने दोन-तीन झुरके घेतलेच.

चीनमध्ये १९१२ साली राजवट संपली, तपकीरही मागे पडली. पण कुप्या संग्राहकांनी आधीपासूनच जपून ठेवल्या होत्या. आता काचेच्या कपाटात रिकाम्या उभ्या आहेत.

नातीला मोबाइलवर कुपीचे चित्र दाखवले. आवडले तिला. मग म्हणाली, "पणजोबांची डबी दाखवा ना."

नाना गेले त्या वर्षी गळका तांब्या आणि दोन फुटकी पातेली मोडीत घातली, तेव्हा डबीही मीच त्यात टाकली. बदल्यात स्टीलचा डबा आला. तो अजून आहे, डाळ असते त्यात. तोच तिला दाखवला.