हडपसरचा विजय आणि एकाकी यशवंतराव

यशवंतराव होळकरांना इंग्रज लेखकांनी लुटारू ठरवले. अलीकडे त्यांना ‘भारताचा नेपोलियन’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. दोन्ही विशेषणे क्षणभर बाजूला ठेवली तर एक प्रश्न उरतो. रणांगणावर इतका तेजस्वी असलेला हा पुरुष इंग्रजांशी एकटाच का लढला? माझ्या मते, याचे उत्तर त्यांच्या सर्वांत मोठ्या विजयातच शोधावे लागते.

१७९७ साली तुकोजी होळकर वारले. वारसाच्या तंट्यात दौलतराव शिंद्यांनी काशीरावांची बाजू घेतली आणि पुण्यातील होळकरांच्या छावणीवर हल्ला चढवला. त्यात मल्हारराव मारले गेले. यशवंतराव निसटून नागपूरला गेले, तर तेथे भोसल्यांनी त्यांना कैदेत टाकले. कैदेतून पळालेल्या या तरुणाने भिल्ल, पेंढारी आणि पठाण जमवून दोन वर्षांच्या आत महेश्वर ताब्यात घेतले. १८०१ मध्ये बाजीराव पेशव्यांनी त्यांचे बंधू विठोजी यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. हा घाव यशवंतराव विसरले नाहीत.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, हडपसरला पेशवे-शिंद्यांची फौज आणि होळकर समोरासमोर आले. दोन्हीकडे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालची कवायती पलटणे होती. शिंद्यांच्या तोफांपुढे होळकरांचे घोडदळ मागे हटू लागले, तेव्हा यशवंतराव स्वतः पुढे झाले आणि त्यांच्या हल्ल्याने लढाईचा रंग पालटला.

विजय निर्विवाद होता. परंतु ज्यांच्याकडे न्याय मागायचा, ते बाजीरावच पुण्यातून पळाले. यशवंतरावांनी त्यांना परत आणण्याचे प्रयत्न केले, ते फळले नाहीत. पुण्यात अमृतरावांकडे कारभार आला आणि नगरवासीयांकडून सक्तीने पैसा वसूल झाला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावांनी वसईचा तह करून इंग्रजी फौज पदरी घेतली. मराठी सत्तेच्या मध्यभागी कंपनीचा पाय रोवला गेला, तो असा.

पुढच्याच वर्षी शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढले, तेव्हा होळकर माळव्यात थांबले. जुने वैर आणि नवा अविश्वास यांचा हिशेब असई व लासवारीला चुकता झाला. १८०४ मध्ये होळकरांची पाळी आली, तेव्हा साथीला शिंदे नव्हते. शत्रूशी संधान बांधल्यावरून त्यांनी व्हिकर्ससह आपल्याच काही गोऱ्या अधिकाऱ्यांचा शिरच्छेद केला. तरीही त्यांनी मुकुंदवाऱ्याहून माघार घेणाऱ्या कर्नल मॉन्सनच्या फौजेची भर पावसात आग्र्यापर्यंत दैना उडवली. मग नोव्हेंबरात जनरल लेकने चोवीस तासांत सत्तर मैलांच्या आसपास दौड करून फर्रुखाबादेला पहाटे छावणी गाठली. ज्या वेगावर यशवंतरावांची मदार होती, त्यानेच त्यांच्यावर मात केली. भरतपूरच्या किल्ल्याने इंग्रजांचे चार हल्ले परतवले, पण तिथल्या राजानेही शेवटी तह केला. पंजाबात रणजितसिंहांनी हात आखडता घेतला. डिसेंबर १८०५ मध्ये बियास नदीकाठी राजघाटचा तह झाला.

त्यानंतर भानपुऱ्याला यशवंतराव स्वतः भट्टीपाशी उभे राहून तोफा ओतून घेत, अशी नोंद माल्कमने केली आहे. पुढे त्यांचे चित्त ढळले आणि १८११ मध्ये, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, ते वारले.

यशवंतरावांचे शौर्य वादातीत आहे. त्यांचा सूडही समजण्याजोगा होता. पण हडपसरला पराभूत झालेली फौजही मराठी होती, आणि त्या विजयाचा लाभ तिसऱ्यानेच घेतला.