चमचा, मेणबत्ती आणि मूत्रपिंड

लघवीतल्या प्रथिनांवरून मूत्रपिंडाचा आजार ओळखण्याचे श्रेय सहसा रिचर्ड ब्राइटला दिले जाते. त्यावर पहिली हरकत अशी, की तापवल्यावर लघवी कधी कधी गोठते हे त्याच्या आधीच माहीत होते. लायडनच्या फ्रेडरिक डेकर्सने सतराव्या शतकाच्या अखेरीस ते नोंदवले होते. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्योने अंगभर सूज आलेल्या एका सैनिकाची लघवी तापवली, तेव्हा अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा साका उरला. हा वृत्तांत १७६४ चा. मात्र सुजेतले पाणीच लघवीवाटे बाहेर पडते आहे, असा त्याचा समज झाला. साका दिसला, पण दोष मूत्रपिंडात आहे हे कळले नाही. ते लंडनच्या गाय्ज रुग्णालयात कळले. ब्राइट सूज आलेल्या रोग्याची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवी आणि रोगी दगावला तर शवविच्छेदनात त्याची मूत्रपिंडे तपासी. सूज, गोठणारी लघवी आणि बिघडलेली मूत्रपिंडे एकत्र आढळतात, हे त्याने १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रुग्णवृत्तांतांत दाखवले. जिवंतपणी दिसलेल्या खुणेची मृत्यूनंतर खातरजमा करण्याची ही शिस्त हाच खरा शोध होता, आणि म्हणून श्रेय ब्राइटचेच.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: ही खूण फसवते. तापात किंवा जोरकस व्यायामानंतर निरोगी माणसाच्या लघवीतही काही काळ प्रथिने उतरतात. ब्राइटनंतरच्या संशोधकांनी याचे उत्तर ‘कोणते प्रथिन आणि किती’ हे विचारून दिले. १८४० च्या दशकात हेन्री बेन्स जोन्सने तपासलेले प्रथिन तापवल्यावर विरघळे आणि थंड झाल्यावर पुन्हा साकळे. त्याचे मूळ अस्थिमज्जेच्या कर्करोगात होते. १८७४ मध्ये एस्बाखने प्रथिनांचे प्रमाण मोजणारी नळी आणली. पुढे १९६३ मध्ये गाय्जमध्येच हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने, तापवून कधीच दिसले नसते इतके सूक्ष्म प्रमाणातले अल्ब्युमिन हे प्रथिन किरणोत्सारी द्रव्याच्या मदतीने मोजले. त्या वाटेने मधुमेहींच्या मूत्रपिंडाची हानी सूज येण्याच्या कितीतरी आधी ओळखता येऊ लागली.

आज लघवीतल्या क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्याच्या एका ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम अल्ब्युमिन ही मर्यादा मानतात. तेवढ्यावरून जुनाट आजार ठरवायचा तर ही वाढ किमान तीन महिने टिकलेली असावी लागते. एका खुणेवर विसंबायचे नाही, हा ब्राइटचाच धडा त्यात आहे. म्हणून मधुमेह असलेल्यांनी ही साधी तपासणी दरवर्षी करून घ्यावी, आणि अहवाल वाढीव आला तर घाबरून न जाता ती पुन्हा करावी.